गोदाघाट रंगवताना

आपल्या शाळेची मुलं वर्षानुवर्षं रविवारी सकाळी बोर्ड काखेत मारून नाशिकच्या गोदाघाटावर स्केचिंगला जात आली आहेत. पायऱ्या, देवळं, धुणी, माणसं, पाणी... एवढा पसारा समोर दिसला की नव्या मुलाचा हातच उचलत नाही. स्मरणिकेत मनोगत लिहायचं तर या घाटाच्या जलरंगाबद्दलच लिहावं, कारण चित्रकलेच्या वर्गानं बांधून दिलेली शिदोरी हीच.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड, 15 बाय 22 इंचांचा असावा. साध्या ड्रॉइंग शीटवर दोन-तीन वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर, चढले की तिला पन्हाळी पडतात, रंग खळग्यात साचतो आणि आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं होतं. शीटच वापरायची असेल तर भिजवून, गोंदपट्टीनं बोर्डावर चिकटवून रात्रभर वाळू द्या. ब्रश गोल, 12 आणि 8 नंबरचे. 2 नंबरचा शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत पिशवीतच राहू दे.

रेखाटनाला पाऊण तास द्या. पहिली रेघ डोळ्याच्या पातळीची, कारण घाटावर सगळं तिच्यावर ठरतं. त्या रेघेखालच्या पायऱ्यांचे माथे दिसतात. वरच्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू. वरच्यांचेही माथे काढले की अख्खा घाट पाण्याकडे कलल्यासारखा वाटतो. ही चूक फार होते आणि नंतर कितीही चांगला रंग लावला तरी झाकली जात नाही. माथ्यांवर आभाळाचा उजेड पडतो, म्हणून ते फिके. उभ्या बाजू गडद. एवढं सांभाळलं तर पायऱ्या मोजायची गरज नाही, जवळच्या चार-पाच नीट काढल्या तरी पुरतात. मग सावल्यांच्या कडा आखून टाका. आठ वाजताची सावली साडेनऊला तिथे नसते, म्हणून एकदा आखलेली कड पुन्हा बदलायची नाही.

आता नारोशंकराचं देऊळ बघा. 1747 सालचं, काळ्या दगडाचं, कोरीवकामानं भरलेलं. इथे सर नेहमी सांगायचे, डोळे किलकिले करा. नक्षी विरघळते आणि दोनच आकार उरतात, एक उजेडाचा, एक सावलीचा. उजेडाच्या बाजूला यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पातळ वॉश द्या आणि पूर्ण वाळू द्या. सावलीसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्नट सिएना (तांबूस तपकिरी) भरपूर कालवून ठेवा, कारण मध्येच संपलं तर तोच रंग पुन्हा जमत नाही. बोर्ड थोडा तिरका ठेवून शिखरापासून जोत्यापर्यंत सावली एका दमात उतरवा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. ओलं असतानाच खालच्या भागात थोडा बर्नट सिएना सोडा, फरसबंदीवरून उलटलेला उजेड तिथे असतो. कोरीवकाम काढायचं ते फक्त सावली आणि उजेड जिथे भेटतात त्या कडेला. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

वॉश अर्धवट वाळलेला असताना ओला ब्रश परत लावू नका. नवं पाणी रंगाचे कण कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. त्यावर घासत बसलं की चिखल होतो. तीनपेक्षा जास्त रंग कालवले तरी तेच. वाळल्यावर रंग फिका पडतो, हेही विसरू नका. ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे.

माणसांची डोकी आणि खांदे पहिल्या वॉशपासून कोरे सोडा. मागच्या पायरीचा गडद रंग त्यांच्याभोवती फिरवला की माणूस उभा राहतो. पांढरं धोतर म्हणजे तुमचा कोरा कागदच. मागाहून लावलेला पांढरा पोस्टर रंग खडूसारखा दिसतो.

पाणी सगळ्यात शेवटी. काठापासून मागे असलेल्या देवळाचं पूर्ण प्रतिबिंब पडत नाही, मधल्या पायऱ्या त्याचा खालचा भाग खातात. बऱ्याचदा शिखरच तेवढं दिसतं. गडद वस्तूचं प्रतिबिंब जरा फिकं, फिक्या वस्तूचं जरा गडद. 12 नंबरचा ब्रश भरून घ्या, वरून खाली उभे फटकारे मारा, ओलं असतानाच कोरड्या ब्रशनं एक-दोन आडव्या रेघा उचलून घ्या. त्यानंतर त्या पाण्याला हात लावायचा नाही.