गाडीच्या पन्हळी

रविवार, रत्नागिरी. आषाढ.

आज संध्याकाळी गाडीचं हूड, म्हणजे बटणावर मागे-पुढे होणारं छत, मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. चार दिवस जिवाला घोर होता, तो आत्ता उतरतोय, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

गुरुवारी सकाळी छान उघडीप होती. आषाढात अशी दोन तास उघडीप मिळाली की मला घरात राहवत नाही. भाट्याहून निघालो, शहर ओलांडून आरे-वारेपर्यंत हूड उघडं टाकून गेलो. डावीकडे गढूळलेला समुद्र, अंगावर खारा वारा. 2006 ची दोन सीटची गाडी आहे, तिला आता वीस वर्षं होत आली, पण त्या वळणांवर ती अजून हसते.

घरी येऊन अंगणात बटण दाबलं. टिक. बस, तेवढंच. हूड हलवणाऱ्या तेलाच्या पंपाची ती ओळखीची घुरघुर नाही, हूड मागे तसंच घडी घालून बसलेलं, आणि पावसच्या बाजूने काळं भरून येत होतं.

धाकट्याला हाक मारली. मी एका बाजूने हूड खेचायला लागलो तर तो ओरडला, "दादा, ओढू नकोस, सांगाडा पिळवटेल!" त्याचं बरोबर होतं. सिलिंडरमध्ये तेल कोंडलेलं असताना एका अंगाने जोर लावला तर लोखंडी पट्ट्याच वाकतात. मॅन्युअल काढून त्यात सांगितल्याप्रमाणे आधी तेलाचा दाब सोडला, मग दोघांनी दोन बाजूंनी सारखं धरून सावकाश पुढे आणलं आणि कुलपं हाताने लावली. शेवटचं लागतंय तोच सर आली.

शुक्रवारी बसून शोधाशोध केली. टिक ऐकू येतंय म्हणजे बटण आणि रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर पंपाला वीज सोडणारे छोटे स्विच, जिवंत आहेत, हे उघड होतं. फ्यूज बघितला, शाबूत. उघडायचा आणि मिटायचा असे दोन सारखेच रिले असतात, त्यांची अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. बॅटरी कमी पडत असेल म्हणून इंजिन चालू ठेवून पाहिलं. शेवटी पंप फिरवणाऱ्या मोटारीच्या सॉकेटवर मीटर लावला आणि धाकट्याला बटण दाबायला सांगितलं. बारा व्होल्ट बरोबर येत होते. वीज दारापर्यंत पोचतेय आणि मोटार उठत नाही. म्हणजे मोटारच गेली.

ती मोटार बसवलीय कुठे, तर डावीकडे मागे, हूड जिथे घडी होऊन जातं त्या खणाच्या पार तळाशी. अस्तर काढून हात घातला तो मनगटापर्यंत पाण्यात. आवाज दबावा म्हणून पंपाभोवती फोम लावलेला, तो स्पंजासारखा तुंबलेला. पिळला तर चहासारखं तांबूस पाणी निघालं. किती दिवस ही बिचारी त्यात बुडून काम करत होती, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं.

मिरकरवाड्यातले एक काका ट्रॉलरचे स्टार्टर दुरुस्त करतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे हे दिवस त्यांच्या खऱ्या कामाचे, तरी त्यांनी मोटार लगेच उघडली. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश गंजाने आपापल्या खोबणीत घट्ट अडकले होते, स्प्रिंगला त्यांना पुढे ढकलताच येत नव्हतं. काकांनी आर्मेचरवरून, म्हणजे त्या फिरत्या भागावरून, बोट फिरवलं. "जळलेलं नाय. वाचेल." बारीक पॉलिश पेपरने तांब्याच्या पट्ट्या उजळल्या, त्यांच्या मधल्या फटी सुईने कोरून काढल्या, ब्रश नवे घासून बसवले. मी स्टुलावर बसून दीड तास नुसता बघत होतो. असे हात आपल्या गावात आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण पाणी आलं कुठून? छत गळत नव्हतं. हूडवरून ओघळणारं पाणी मागच्या कडेच्या खाचेत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकांमागे खाली पडतं. डावी नळी सुरूच्या काड्यांनी गच्च भरली होती. मी गाडी सुरूबनाच्या कडेला लावतो. त्या बारीक काड्या आणि वाऱ्याने येणारी रेती, दोन्हीचा बूच झाला होता.

अण्णा पडवीतून बघत होते. म्हणाले, "मृगाआधी घराच्या पन्हळी काढल्यास ना? मग हिच्या कोण काढणार?"

तार घातली तर नळी फाटेल, म्हणून जाडं तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, घेतलं, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं आणि हळूहळू फिरवत आत सारलं. हातभर गेल्यावर अडलं, मग एकदम सैल झालं आणि चाकामागे काळा लगदा भदकन पडला. वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ धारेने खाली आलं. उजवी नळीही तशीच काढली. फोम वाळवून परत घालायचा नाही असं ठरवलं, आवाज झाला तर होऊ दे. पंपाच्या टाकीत तेल खुणेपर्यंत आहे हेही पाहून घेतलं.

सहाच्या सुमाराला बटण दाबलं. टिक, आणि मागोमाग घुर्रर्र, आधीपेक्षा मोठ्याने. दहा-बारा सेकंदांत हूड मागे जाऊन बसलं. अण्णा चप्पल घालून आले आणि न सांगता शेजारच्या सीटवर बसले. पाऊस नव्हता. भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो.

तंगूस पडवीत खिळ्याला अडकवलंय, पन्हळी काढायच्या काठीशेजारी.