नंदा तळं, कुडचडे: गोव्याच्या गोड्या पाण्याच्या पाणथळीत

गोव्यात पक्षी बघायला गेलेला माणूस सहसा रायबंदरची फेरी पकडतो आणि चोडण बेटावरच्या सलीम अली अभयारण्यात जातो. ती जागा देखणीच आहे, पण ती खाऱ्या पाण्याची, खारफुटीची दुनिया. किनारपट्टीत गोड्या पाण्याची दलदल कशी जगते हे बघायचं असेल, तर दक्षिणेला कुडचड्याला जावं. तिथलं नंदा तळं ४२ हेक्टरांचं, म्हणजे साधारण १०० एकरांचं. २०२२ साली ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलं आणि गोव्यातली पहिली रामसर जागा ठरलं. ठाण्याची खाडीही त्याच वर्षी यादीत आली, त्यामुळे आपल्याकडे तिचंच नाव जास्त ऐकू आलं. नंदाकडे वाकडी वाट करून जाणारे अजून थोडेच.

आम्ही डिसेंबरात गेलो. मडगावहून कुडचडे २० किलोमीटरच्या आसपास आहे. बस मिळते, पण उजाडायच्या आत तळ्यावर पोचायचं तर स्वतःचं वाहन हवं किंवा आदल्या रात्री जवळपास मुक्काम. आम्ही मडगावातून दुचाकी घेतली आणि ते बरं झालं, कारण सूर्य वर आला की पाण्यावरची चकाकी वाढते आणि लांबचे पक्षी नुसते काळे ठिपके दिसू लागतात. पहिले दोन तास खरे कामाचे. उजेड पाठीशी राहील अशी जागा आधी शोधा, मगच दुर्बीण काढा.

नंदा समजून घ्यायचं तर सुरुवात पक्ष्यांपासून नको, पाण्यापासून करावी. शेजारून जुवारी नदीचा फाटा जातो. पावसाळा सरला की मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बंद करून पाणी अडवतात आणि खालच्या बाजूच्या शेतांना वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भातासाठी ते पुरवतात. म्हणजे ही पाणथळ शेतीच्या वेळापत्रकावर चालते. पाणी भरपूर असतं तेव्हा मध्यावर बदकं असतात. पाणी उतरू लागलं की कडेचा चिखल उघडा पडतो, त्यातले किडे, गोगलगायी, छोटे मासे सापडू लागतात आणि मग शराटी, बगळे, तुतवार यांची गर्दी होते. आठवड्याभरात कड सरकते आणि कालची जागा आज ओस पडलेली असते. म्हणून इथे येणाऱ्याने कॅलेंडर बघण्याआधी एखाद्या शेतकऱ्याला विचारावं, पाणी सोडलंय का? त्या एका उत्तरावरून सकाळी काय दिसेल याचा निम्मा अंदाज येतो.

आम्हाला पाणी भरलेलं मिळालं. अडई बदकांचे थवे दिवसा विश्रांतीला बसलेले होते. ही बदकं चरायला मुख्यतः रात्री बाहेर पडतात, त्यामुळे दिवसा ती झोपाळू दिसतात. एखादी घार डोक्यावरून गेली की मात्र सगळी एकदम उठतात आणि त्यांची ती धापा टाकल्यासारखी शीळ तळंभर घुमते.

सर्वात जास्त वेळ गेला तो कमळपक्ष्यांपुढे. कांस्यपंखी कमळपक्षी पानांवरून चालतो तेव्हा त्याची बोटं किती लांब आहेत ते दुर्बिणीतून नीट बघा. वजन इतकं पसरतं की पान जेमतेम दबतं. काठ उचलून खालच्या बाजूचे किडे टिपायचे आणि पुढच्या पानावर जायचं. यांच्यात मादी आकाराने मोठी, ती एकापेक्षा जास्त नरांशी जोडी जमवते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. धोका वाटला तर नर पिल्लांना पंखांखाली घेऊन चक्क उचलून नेतो. हे बघायचं तर पावसाळ्यात यावं लागेल, आणि मी येणार आहे.

हिवाळ्यात एक गोंधळ हमखास होतो. कांस्यपंखीची वाढती पिल्लं पाठीला तपकिरी, पोटाला पांढरट असतात आणि हिवाळी रूपातला लांब शेपटीचा कमळपक्षीही दुरून तसाच वाटतो. घाईने नोंद करू नका, उडेपर्यंत थांबा. पंख पांढरेशुभ्र दिसले तर तो लांब शेपटीचा.

जांभळी पाणकोंबडी अगदी जवळून बघायला मिळाली. तिने लव्हाळ्याचा कोवळा दांडा उपटला, एका पायाच्या मुठीत धरला आणि सोलून आतला गर खाल्ला. काठावर गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले दिसले, तर जवळपास मुग्धबलाक, म्हणजे चोचीत फट असलेला करकोचा, असण्याची शक्यता धरा. गोगलगाय त्याचं मुख्य खाणं. त्याच्या चोचीतली ती फट पिल्लात नसते, वय वाढतं तशी तयार होते.

चालताना बांध सांभाळा. तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे, कडा तुडवल्या की पाणी झिरपतं. मानशीच्या दाराला हात लावू नये, त्यावर उभं राहून फोटोही नकोत. ड्रोन आणू नका, बसलेला थवा उठला की पुन्हा बसायला त्याची बरीच ताकद खर्च होते. पावलं घसरतात, म्हणून जुने, पकड असलेले बूट घाला. सावली थोडी असल्याने टोपी आणि पाणी जवळ हवंच. खाण्याची सोय कुडचडे बाजारात करा. सकाळची पाव-भाजी आणि गरम मिरची भजी, एवढ्यात आमचं भागलं.

परतीची गाडी करमळीहून असेल तर स्टेशनालगतचं करमळीचं तळं सोडू नका. कोकण रेल्वेचा रूळ त्याच्या कडेनेच जातो. तेही गोड्या पाण्याचं, आणि तिथे देवभात उगवतं, म्हणजे लांब कुसळांचा रानटी भात. दाणे पिकताच गळून पडतात, त्यामुळे माणसाच्या हाती फार लागत नाहीत, पण पक्ष्यांना मेजवानी असते. गाडीला दोन तास असतील तर सामान एका सोबत्याकडे ठेवून पायी फिरता येतं. चोडणला जाणार असाल तर तो दिवस वेगळा ठेवा. तिथली होडी भरतीच्या वेळेवर अवलंबून असते आणि ती वेळ नंदाच्या पहाटेशी जुळेलच असं नाही.