बिल्ल्यावरचा आकडा

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात आमचा स्टुडिओही गेला. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर प्रिंटरच्या जागी चिखलाचा गोळा. कॉम्प्युटर, एन्लार्जमेंटच्या फ्रेमा, शोकेस, सगळं गेलं. वाचलं ते माळ्यावरचं: दोन पडदे, एक छत्री आणि फोटो पेपरचं अर्धं फोडलेलं पाकीट. त्या पाकिटाचा मला केवढा आनंद झाला होता!

पुढचे दोन महिने लग्नाची गिऱ्हाइकं नव्हतीच. येत होते ते भिजलेले फोटो. पानं एकमेकांना चिकटलेले अल्बम, वाळून पापडासारखे वाकलेले बारशाचे फोटो. पक्ष पंधरवड्यात एका दुपारी एक आजी आल्या. छातीशी टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. आत खाकी गणवेशातला एस. टी. ड्रायव्हर, पोस्टकार्ड साइज, ब्लॅक अँड व्हाइट, छातीवर पितळी बिल्ला.

"ह्यांचा एकच आहे हो फोटो. परवा तिथी आहे. काच काढून साफ करून द्या, आणि एक मोठा पण करा."

काच काढणं शक्य नव्हतं. जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजला की फुगतो आणि काचेला टेकलेल्या जागी वाळला की डिंकासारखा बसतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी असा एक फोटो घालवलेला होता, तो कोणाचा ते सांगत नाही. म्हणून म्हटलं, काचेसकटच कॉपी करू.

नव्या ऑल-इन-वन प्रिंटरचा स्कॅनर त्यासाठी कुचकामी निघाला. त्याची नजर काचेला टेकलेल्या कागदापुरतीच. मधे आणखी एक काच आली की सगळं धूसर. शेवटी फ्रेम टेबलावर आडवी ठेवली, वरून कॅमेरा लावला, दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन लाइट, आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडू नये म्हणून लेन्सभोवती काळं कापड. फोटो उत्तम आला. स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर बिल्ल्यावरचा आकडासुद्धा वाचता येत होता. आजींनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, दहा मिनिटांत देतो. दुपारचे अडीच वाजले होते.

पहिला प्रिंट माळ्यावरच्या पाकिटातल्या ग्लॉसीवर काढला. ८ बाय १०. बाहेर आला तो जांभळा. गालांवर, टोपीच्या सावलीत ढगाळ डाग, आणि बिल्ला म्हणजे नुसता पांढुरका ठिपका, आकडा पार फुटलेला.

"अगो बाई, हे असे जांभळे कधी झाले?" आजी म्हणाल्या.

आमच्या पोऱ्याने मला न विचारता हेड क्लीनिंग मारलं, म्हणजे प्रिंटरचा शाई फवारणारा भाग धुवायला लावला. मग आणखी दोनदा. ह्या पोरांना वाटतं, प्रिंट बिघडला की हेड धुवायचं, जसं पोट बिघडलं की एरंडेल. दर वेळी टाकीतली शाई ओढून यंत्राच्या पोटातल्या स्पंजात जाते, आणि तो स्पंज भरला की प्रिंटरच बंद पडतो. आधी नॉझल चेक काढायचा, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येतेय का ते दाखवणारा रेघांचा नमुना. मी काढला. सहाही रंगांच्या रेघा अखंड होत्या, एकही तुटलेली नाही. म्हणजे हेड निर्दोष.

मग संशय कागदावर गेला. पाकिटातला एक कागद हातात घेतला तर तो लुळा पडला, कडा किंचित वळलेल्या. दोन महिने उघडं पाकीट, तेही कोकणातल्या पावसाळ्यात. फोटो पेपरवरचा लेप शाई शोषायलाच बनवलेला असतो, तो हवेतली ओल सोडतो थोडाच! आधीच पाणी प्यालेल्या लेपाला शाई पटकन घेता येत नाही. ती वर तरंगते, शेजारच्या थेंबात मिसळते, त्याचेच ते ढग. आणि बिल्ल्यावरच्या आकड्याएवढी बारीक रेघ पहिली बुडते.

पोऱ्याला स्टेशनरीच्या दुकानात पिटाळला. त्याने १८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) स्वस्त ग्लॉसी आणला, पाकीट नवं, सीलबंद. ढग गेले. जांभळेपणा मात्र तसाच. शिवाय ह्या कागदाचं पोट साध्या कागदाचं, वर नुसती चमक. गडद भागात शाई जास्त पडल्यावर तो लाटेसारखा उठला, हेड त्याला घासलं आणि खालच्या कडेला काळा ओरखडा.

मॅट पेपर होता, त्यावर काढला. वर्तमानपत्रात छापल्यासारखा फिका आला. पोऱ्याने उलटा घातला होता. मॅटची कोणती बाजू लेपाची हे डोळ्यांना कळत नाही. कोपरा ओल्या ओठांत धरायचा, लेपाची बाजू चिकटते. सुलट्या बाजूवर आकडा स्वच्छ आला, पण मॅटचा काळा कधी पुरेसा काळा होत नाही. टोपीची सावली राखेसारखी दिसत होती. आणि रंग? जांभळाच.

इथे मी शाईवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. तोवर साडेचार झाले होते. आजींना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि मला म्हणाल्या, "घाई नाही रे बाळा." अहो-जाहोवरून अरे-बाळावर आल्या होत्या.

संध्याकाळी खेडच्या एका मित्राने एस. टी.तून आरसी सॅटिनचं न फोडलेलं पाकीट पाठवलं. २७० जीएसएम, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असलेला कागद, तो फुगत नाही की लाटेसारखा उठत नाही. पाकीट फोडलं, प्रिंट काढला. धार सुरेख, काळा खोल, आकडा वाचता येतोय. आणि ड्रायव्हरसाहेब जांभळे.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. चार कागद बदलले आणि एक दोष चारही कागदांवर तसाच आहे, म्हणजे तो कागदाचा नाही. हेडचा नाही हे नॉझल चेकने सांगितलंच होतं. उरलो मी आणि कॉम्प्युटर. नवा कॉम्प्युटर बसवल्यापासून प्रिंटची सेटिंग मी नीट उघडून पाहिलीच नव्हती. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग सांभाळायचं काम सॉफ्टवेअरकडे दिलेलं, आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही, रंग सुधारणा चालू. एकाच भाजीत सासूने मीठ घातलेलं आणि सुनेनेही. रंगीत फोटोत हे एक वेळ खपून जातं, साडी थोडी जास्त लाल दिसली तर कोण बघतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लपायला जागा नसते. राखाडी तरी प्रिंटर कशाने करतो? काळ्याबरोबर निळा, गुलाबी, पिवळा मिसळूनच. त्यांचं माप जरा हललं की चेहरा जांभळा.

मी दोन दोष एकच समजून दुपारभर भांडत होतो. ओल वेगळी आणि जांभळेपणा वेगळा.

ड्रायव्हरमधली सुधारणा बंद केली, कागदाचा प्रकार मॅटवरून सॅटिनवर आणला (तोही मॅटवरच राहिला होता), आणि पुन्हा छापला. ट्यूबलाइटखाली पाहिला, मग बाहेर पत्र्याखाली उजेडात नेऊन पाहिला, कारण मिसळीचा राखाडी एका दिव्यात सरळ दिसतो आणि दुसऱ्यात गुलाबी मारतो. दोन्हीकडे सरळ. आजींनी बिल्ल्यावर बोट न टेकवता, हवेतच, आकडा गिरवला.

पुढची चूक मात्र माझीच. ताजा प्रिंट एक दिवस तरी उघडा ठेवायचा हे मला माहीत होतं. पण तिथी परवावर, पाऊस थांबलेला, आजींना शेवटची गाडी गाठायची. मी जुनी फ्रेम पुसली, त्यांचा काचेला चिकटलेला फोटो काचेसकट काढून खणात ठेवला, नवी काच टाकली आणि प्रिंट थेट काचेला टेकवून बंद करून दिला.

सहाव्या दिवशी आजी परत. फ्रेम पुन्हा टॉवेलात. चेहरा उतरलेला.

"आत पाणी शिरलं रे."

काचेवर आतून पांढुरकी साय धरली होती, नेमकी टोपीच्या आणि कोटाच्या गडद भागासमोर. पुरातून गेलेल्या माणसाला काचेच्या आत ओल दिसली की काय होतं, ते मला सांगायला नको. माझ्याही पोटात गोळा आला. फ्रेम उघडली, काचेवर बोट फिरवलं. पाणी नव्हतं, तेलकट होतं. शाई नॉझलमध्ये वाळू नये म्हणून तिच्यात ग्लायकोलसारखे सावकाश उडणारे पदार्थ असतात. साधा कागद ते मागून सोडतो. आरसीला मागे प्लास्टिक, म्हणून त्यांना पुढूनच वाट, आणि पुढे काच. जिथे शाई जास्त तिथे साय जास्त.

प्रिंटला काही झालं नव्हतं. काच स्पिरिटने पुसली. फोटोवर कोरे कागद ठेवून दोन रात्री तसाच राहू दिला, एकदा कागद बदलले. मग कडेने पुठ्ठ्याचं माउंट लावलं, म्हणजे काच आणि फोटो एकमेकांना शिवणार नाहीत. पैसे घेतले नाहीत. आजींनी तरी शंभराची नोट काउंटरवर ठेवली आणि मी परत केली, असं दोन वेळा झालं.

निघताना त्या दारात थांबल्या.

"ती जुनी काच टाकलीस का?"

मी खण उघडला. काच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी फ्रेम सोबतच्या नातवाच्या हातात दिली, टॉवेल सोडला आणि त्यात जुनी काच घेतली.