घरात कोणी फौजेत नाही, तरी एएफएमसी मिळतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मिळतं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, वडील यंत्रमागावर आहेत की बँकेत, हे कोणी बघत नाही. गैरसमज बहुतेक दिघीच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमुळे होतो. तिथं मात्र सैन्यातल्यांच्याच मुलांना प्रवेश आहे. एएफएमसीत एमबीबीएसच्या १४५ जागा, ११५ मुलांना आणि ३० मुलींना.

सोलापुरात घोळ होतो तो फॉर्मपाशी. नीटचा निकाल लागला की घरोघरी राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म भरतात आणि आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचा कटऑफ बघत बसतात. एएफएमसी त्या यादीत नसतंच. त्यासाठी एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या मेडिकल प्रवेश समितीच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करून तिथं एएफएमसीची पसंती द्यावी लागते. ती तारीख हुकली की नीटला कितीही गुण असोत, बोलावणं येत नाही.

बारावी पहिल्याच प्रयत्नात हवी. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजीत प्रत्येकी ५० टक्के, आणि पहिल्या तीन विषयांत मिळून ६० टक्के. दहावीला गणित पास.

नीटच्या गुणांवर यादी लागते आणि पुण्याला बोलावतात. तिथं टोईएलआर नावाचा पेपर असतो: इंग्रजी आणि तर्काचे ४० प्रश्न, अर्धा तास. चुकलं की गुण जातात, त्यामुळं अंदाजपंचे उत्तरं ठोकू नका. मग मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मेडिकल तपासणी.

मेडिकलची तयारी कोणी करत नाही, आणि अडकतात तिथंच. कानात मळ असला की पडदा दिसत नाही. आधीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्या. ताठ उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात का, हे घरीच बघता येतं. चष्म्याच्या नंबरालाही मर्यादा आहे. वजन आठवड्यात उतरत नसतं, बारावीतच बघा.

बाँड मात्र घरात बसून नीट वाचा. शिक्षण सरकारी खर्चानं होतं, त्याबदल्यात सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावीच लागते. नको म्हटलं तर मोठी रक्कम भरावी लागते. वसतिगृह, गणवेश, पहाटेची पीटी सक्तीची. वीकएंडला दर वेळी सोलापूर, हे डोक्यातून काढा.

जायचं ते आदल्या दिवशी. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं त्याच दिवशी निघून रिपोर्टिंग गाठायच्या भरीला पडू नका. कॉलेज पुण्यातल्या सोलापूर रोडवरच आहे; एसटीनं गेलात तर स्वारगेटपर्यंत कशाला, हडपसरला उतरून रिक्षा करा.