क्रोनुला : दोन झेंड्यांमधला समुद्र

आपल्याकडे समुद्र बंद होतो तो महिन्यांच्या हिशोबाने. पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा दर्यात घालायच्या. सिडनीत हा हिशोब मीटरमध्ये चालतो. वाळूत लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात. त्यांच्यामधलं पाणी आपलं, बाकीचं बंदच समजायचं. दोरी नाही, कुंपण नाही. त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांना हा नियम कळतो तो शिट्टी वाजल्यावरच. साडी किंवा पँट वर धरून गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या आजी-आजोबांना जीवरक्षक हातानेच 'तिकडे सरका' म्हणतो आणि रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर तक्रार निघते : "पोहत कुठे होतो आम्ही? नुसते पाय तर भिजवत होतो!"

या तक्रारीत तथ्य आहे. आपण समुद्रावर पोहायला जात नाही, उभं राहायला जातो. आणि नेमकं म्हणूनच हा नियम पोहणाऱ्यांपेक्षा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. झेंडे नसलेल्या किनाऱ्यावर एखादं मराठी कुटुंब नेऊन सोडा, ते उभं राहायला कुठली जागा निवडेल? जिथे लाटा फुटत नाहीत ती. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पाण्याची पट्टी दिसली की 'इथे बरं आहे, मुलांना इथे घेऊ' असं कोणीही म्हणेल. तीच पट्टी म्हणजे रिप, किनाऱ्यावरून खोल समुद्राकडे ओढणारा प्रवाह. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या दांड्यांमधला खोलगट रस्ता शोधतं. खोली जास्त म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि लाट फुटत नाही म्हणून पाणी शांत दिसतं. नीट पाहिलं तर त्या पट्टीवर बारीक सुरकुत्या असतात आणि वाळूने गढूळलेलं पाणी किंवा फेसाचे तुकडे आत जाताना दिसतात. हे बघायला पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उंचावर उभं राहायचं. सिडनीतल्या क्रोनुलाला किनाऱ्यालगतच्या फरसबंदी वाटेवरून हे छान दिसतं.

रिपमध्ये सापडलात तर ती खाली ओढत नाही, आत नेते, इतकं लक्षात ठेवा. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे उलटं पोहून दमल्यामुळे. जोराच्या रिपपुढे पोहण्यात तरबेज माणसाचंही चालत नाही. पाठीवर तरंगायचं, एक हात सरळ वर करायचा आणि थांबायचं. हात वर करणं म्हणजे 'मदत पाहिजे', त्यामुळे लांबून फोटोसाठी हौसेने हात हलवू नका. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतायत त्या दिशेला जायचं, तिथे दांडा असतो आणि पाय टेकतात. जीन्स, सलवार, सुती कुर्ता पाण्यात पायांना गुंडाळला जातो आणि गुडघाभर पाण्यातही लाटेने तोल गेला की उठता येत नाही. दुसरं माणूस वाहून जाताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही. तरंगणारं काहीही फेकायचं : बॉडीबोर्ड (लाटेवर पोटावर झोपून घसरायची फळी), फुगवलेला चेंडू, पिकनिकच्या बर्फपेटीचं झाकण. जवळ जीवरक्षक नसेल तर ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर एकाच कुटुंबातली चार भारतीय माणसं गेली. त्या किनाऱ्यावर ना झेंडे होते, ना जीवरक्षक.

म्हणून पाहुणे आले की झेंडेवाला किनाराच गाठायचा. बाँडाय प्रसिद्ध आहे, मान्य. तिथे फोटोपुरतं जा. दिवस काढायचा असेल तर क्रोनुला. शहराच्या दक्षिणेला, सदरलँड शायरमधलं हे उपनगर. सिडनीत समुद्राच्या दारापर्यंत ट्रेन फक्त इथेच येते, तीही १९३९ पासून. सेंट्रल स्टेशनहून टी-फोर लाइन, साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटं. पॅरामॅटा, वेस्टमीडकडून येणाऱ्यांनी सेंट्रलला गाडी बदलायची. फसायची जागा एकच : टी-फोरच्या सगळ्याच गाड्या क्रोनुलाला जात नाहीत, काही सदरलँडवरून वॉटरफॉलकडे वळतात. फलाटावरच्या पाटीवर 'क्रोनुला' वाचूनच बसा. चुकलात तर सदरलँडला उतरून पुढची पकडा. निघण्याआधी 'ट्रॅकवर्क' तपासा, कारण शनिवार-रविवारीच रेल्वे बंद ठेवून बस सोडायची यांना फार हौस. मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकला नावं ठेवणाऱ्यांनी इथलं वेळापत्रक एकदा बघावं. शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, तेव्हा दूरचा प्रवास त्याच दिवसांत करा.

स्टेशनातून बाहेर आलात की खरी गंमत. पूर्वेला पाच मिनिटांवर खुला समुद्र, पश्चिमेला तितक्याच अंतरावर गनामाटा बे नावाची शांत खाडी. दोन्हीमध्ये एक दुकानांची गल्ली. कुटुंबातल्या प्रत्येकाला वेगळं पाणी देता येतं, हे फार थोड्या किनाऱ्यांवर जमतं.

आजी-आजोबा आणि तीन-चार वर्षांची मुलं असतील तर सकाळी थेट गनामाटा पार्क गाठा. मोठी झाडं, सावली, हिरवळ, फुकटात वापरायच्या बार्बेक्यूच्या शेगड्या आणि खाली जाळी लावलेला पोहण्याचा भाग. तळाला वाळू, लाट अशी नाहीच. आपल्या तळ्याकाठी बसल्यासारखं वाटतं. इथे पाय भिजवा, तासभर भिजवा, कोणी शिट्टी मारणार नाही.

थोडंफार पोहता येणाऱ्यांसाठी समुद्राच्या बाजूला खडकात बांधलेले कुंड आहेत, साउथ आणि नॉर्थ क्रोनुलाच्या मधे, शेली बीचला आणि पुढे ओक पार्कला. पाणी समुद्राचंच, पण भिंतीच्या आत. इथे दोन गोष्टी बिघडतात. भरतीला मोठ्या लाटा असल्या की पाणी भिंतीवरून येतं, तेव्हा आत राहायचं नाही. आणि शेवाळ. रबरी तळव्याचे बूट घाला, चपला निसटतात. खडकांतल्या डबक्यांत हात घालून शिंपले गोळा करायची आपली सवय मात्र इथे सोडा. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस छोट्याशा अंगाचा असतो, रिकाम्या शिंपल्यात लपतो आणि त्याच्या विषावर उतारा नाही. क्रोनुला हे नाव मूळच्या धारावल लोकांच्या भाषेतल्या 'गुलाबी शिंपल्यांची जागा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं असं सांगतात, त्यामुळे मुलांना हे समजावणं जरा कठीण जातं.

लाटा हव्या असतील तर साउथ क्रोनुला, नॉर्थ क्रोनुला, एलुएरा, वांडा. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाल तसा किनारा मोकळा होत जातो. झेंड्यांमध्ये बॉडीबोर्ड चालतो, सर्फबोर्ड नाही. सर्फिंग शिकायचंच असेल तर मऊ फोमचा लांब बोर्ड मागा आणि सकाळची वेळ धरा, कारण उन्हाळ्यात (इथे तो डिसेंबर ते फेब्रुवारी) दुपारी ईशान्येचा वारा सुटतो आणि पाणी खवळतं. झेंड्यांची जागा दिवसभर एकच नसते. भरती-ओहोटीने वाळूवरची परिस्थिती बदलली की ते हलवतात. सकाळी झेंड्यासमोर अंथरलेली चादर दुपारी चुकीच्या ठिकाणी आलेली असते. संध्याकाळी झेंडे काढले की पोहणं संपलं.

शनिवार-रविवारी लाल-पिवळी टोपी घालून उभी असलेली माणसं बहुतेक बिनपगारी असतात. आठवडाभर कोणी शिक्षक, कोणी प्लंबर, सुट्टीत इथे पहारा. क्रोनुलाचा सर्फ लाइफ सेव्हिंग क्लब १९०७ पासूनचा. हे पाहिलं की मान आपोआप खाली जाते. तरी लगेच 'आपल्याकडे काहीच नाही' म्हणायची गरज नाही. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, तिथेही असेच झेंडे लागतात आणि तिथेही पर्यटक ते मनावर घेत नाहीत. कोकणातल्या कोळ्याला तर रिप हा शब्द माहीत नसेल, पण पाणी कुठून आत ओढतं हे तो न बघता सांगेल. त्याला विचारत नाही ते आपण, मुंबई-पुण्याहून गेलेले.

'क्रोनुलाला दंगल झाली होती ना, तिथे जावं का?' या प्रश्नाचं उत्तर देऊनच टाकतो, कारण गुगलवर नाव टाकलं की तेच आधी येतं. ११ डिसेंबर २००५ ला इथे वांशिक दंगल झाली, मध्यपूर्वेतल्या वाटणाऱ्या माणसांना जमावाने मारलं. ते घडलं, ते झाकण्यात अर्थ नाही. त्यानंतर मुस्लिम तरुण-तरुणींना जीवरक्षक म्हणून प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम झाला, आणि अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून पहारा देणाऱ्या मुलीही दिसल्या. आज अंगभर कपडे घालून पाण्यात उतरणाऱ्या बाईकडे कोणी वळून बघत नाही. उलट लांब बाह्यांचा रॅश-व्हेस्ट (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा सदरा) आणि लेगिंग हाच इथल्या उन्हात शहाणपणाचा पोशाख. आई, सासूबाई, मावशी यांना हे आधी सांगितलं की निम्मा संकोच जातो.

ऊन हे इथलं दुसरं संकट, आणि 'आम्ही काळ्या कातडीचे, आम्हाला काय होतंय' हे चालत नाही. यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची पातळी, ३ किंवा त्याच्या वर गेली की ऊन रोखणारं क्रीम. एसपीएफ ५०+, बाहेर पडण्याआधी २० मिनिटं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३५ मिली लागतं. प्रत्येक हाता-पायाला एक चमचा, पोट-छाती एक, पाठ एक, चेहरा-मान-कान मिळून एक, असे सात चहाचे चमचे. आपण लावतो ते हळदीच्या बोटाएवढं. थंडीची क्रीम चोळतो तसं चोळून काही उपयोग नाही. ढग आहेत म्हणून सोडलं तर रात्री पाठ गादीला टेकत नाही.

पाणी थंड असतं, कोकणासारखं कोमट नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये २२-२३ अंशांपर्यंत चढतं आणि तेच खरे उत्तम महिने. सप्टेंबरात बाहेर मस्त ऊन असतं, पण पाणी १८ च्या आसपास, पहिल्या डुबकीत श्वास अडकतो. उन्हाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याबरोबर ब्लूबॉटल नावाचे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव येतात, वाळूवर निळ्या फुग्यांसारखे पडलेले. फुगा फोडायला मुलं धावतात, धरून ठेवा. डंख झाला तर चिकटलेले धागे काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, २० मिनिटं धरा. व्हिनेगर नको, लघवी तर मुळीच नको. जीवरक्षकांच्या चौकीत विचारा, ते मदत करतात.

खाण्याचं काय? भेळ नाही, गोळा नाही, कणीस नाही, उंट-घोडागाडीही नाही. ही उणीव खरी आहे आणि ती कोणत्याही स्वच्छतेने भरून येत नाही. फिश अँड चिप्स मिळतं. शाकाहारी माणसांनी 'नुसते चिप्स द्या' म्हणण्याआधी तेल वेगळं आहे का विचारावं, बऱ्याच ठिकाणी मासा आणि बटाटा एकाच कढईत तळतात. त्यापेक्षा घरून धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं. डबा उघडताना भिंतीला पाठ लावून बसा, सीगल मागून येतो आणि पुरी हातातून नेतो. किनाऱ्यावर दारू चालत नाही. आणि एक जाड जॅकेट ठेवाच, कारण उन्हाळ्यातही दक्षिणेचा वारा अचानक आला की दहा-बारा अंश पारा मिनिटांत उतरतो.

चालणाऱ्यांनी किनाऱ्यालगतची वाट धरून दक्षिणेच्या टोकाला जावं. वेळ असेल तर स्टेशनमागच्या धक्क्यावरून बुंडीना गावाची बोट. साधारण तासाला एक, अर्ध्या तासाचा प्रवास. त्यातली 'करानुला' ही लाकडी बोट १९३९ सालची. पलीकडे रॉयल नॅशनल पार्क, स्थापना १८७९, आणि जिबन टोकावर धारावल लोकांनी खडकात कोरलेली चित्रं. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते जातानाच फोटो काढून ठेवा.

कोकणातून आलेले आई-बाबा संध्याकाळी मात्र हिरमुसतात. हा पूर्व किनारा, सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो दुकानांमागे. समुद्राकडे तोंड करून वाट बघू नका. झेंडे काढायला लागले की चादर झटका, गल्ली ओलांडा आणि गनामाटा पार्कच्या उतारावर जाऊन बसा. खाडीपलीकडे सूर्य टेकतो तेव्हा स्टेशन मागे पाच मिनिटांवरच असतं.