तुम्ही विचारलंत म्हणून: गिरिराज सोडून गावठी का?

"घरी खाण्यापुरत्या कोंबड्या पाळायच्यात, जात कुठली घेऊ?" बाजारात, लग्नात, एसटीत, कुठेही हा प्रश्न येतो. मी 'गावठी' म्हटलं की लगेच पुढचा ठरलेला: वजन निम्मं, वेळ दुप्पट, मग गावठी कशाला?

हिशेब मलाही येतो. ब्रॉयलर दीड महिन्यात दोन किलोच्या वर जातो. पण त्याला सतत खाद्य हवं, आमच्याकडच्या मे महिन्यात पंखा हवा. अंगणात सोडायची ती जात नव्हे. बंगळूरचा गिरिराज, हैदराबादचा वनराज हे संकरित, परसासाठीच तयार केलेले. किडे, गवत, खरकटं खाऊन तीन महिन्यांत दीड किलोच्या आसपास भरतात. गावठी कोंबड्याला तेवढं व्हायला पाच-सहा महिने लागतात. गिरिराज मी हौसेने पाळले. त्यांचा रस्सा वाईट होतो असं मी कधीच म्हणणार नाही.

मग मानमोडी आली. राणीखेत.

या रोगावर लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचणी. पण बाटली निदान शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दवाखान्यात म्हणाले, "आणखी कोंबड्या जमवा, मग बाटली फोडू." मी वाडीत घरोघर विचारत फिरत होते, तेवढ्यात तांबडा कोंबडा कोपऱ्यात गप्प उभा राहिला. चोच उघडी, श्वासाला घरघर, शीट हिरवी आणि पातळ. दुसऱ्या दिवशी मान पिळून पाठीला लागली. दाणा टिपायला जायचा आणि चोच भलतीकडेच मातीत आपटायची. लेकीने तळहातावर भात धरला, तर चोच तिच्या मनगटावर बसत होती. तरी तिने हात मागे घेतला नाही. आठवड्याभरात खुराडं ओस पडलं. सासूबाई खड्ड्यात चुना टाकत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या.

त्यात गावठीही मेल्या. गावठीला रोग लागत नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी त्या आठवड्यात आमच्याकडे यायला हवं होतं.

वाचली ती एक कबरी गावठी कोंबडी. मिरगाच्या सुमाराला ती खुडूक झाली. शेजारणीकडची अंडी तिच्याखाली ठेवली आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली. घार दिसली की ती ओरडायची आणि सगळी पिल्लं तिच्या पंखाखाली. गिरिराजाची तलंग वाचली असती तरी ती अंड्यांवर बसत नाही, आणि मशीनमधून पिल्लं काढली तरी त्यांच्यात आईबापाची वाढ उतरत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकतची. माझं घर पुन्हा भरलं ते त्या कबरीमुळे. शिवाय राखणीला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, आमच्याकडे गावठी कोंबडाच लागतो.

तरी गिरिराज पाळणारी तेव्हाची मी आजच्या मला विचारते: पोरांच्या ताटात कोंबडी पडायची कधी, सहा महिन्यांनी? याला माझ्याकडे उत्तर नाही. नवरा म्हणतो, खायला गिरिराजाचे कोंबडे आणू, रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, गावठी ठेवू. सासूबाईंना दोन्ही एका खुराड्यात नकोत. अजून काही ठरलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगेन: जात विचारण्याआधी वाडीत लसीची बाटली वाटून घेणारं कोण आहे ते बघा.