‘हरममधला गटे’ : नकलेचा अंबरचा थर पुरा झाला

अंबरचा, म्हणजे खालच्या तपकिरी रंगाचा थर एकदाचा पुरा झाला. मूळ तैलचित्र १३२ बाय १७३ सेंटीमीटरचं, अंकाराच्या चित्र-शिल्प संग्रहालयात आहे. तेवढा कॅनव्हास आमच्या हॉलमध्ये आणला तर आम्हाला बाहेर झोपावं लागेल, म्हणून मी चौथाई माप धरलं, ३३ बाय ४३.

ज्यांनी चित्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चित्रकार अब्दुलमजीद, ऑटोमन राजपुत्र, पुढे १९२२ ते १९२४ शेवटचा खलिफा. कोचावर रेललेली बाई म्हणजे त्याची बायको शेहसुवार, हातात जर्मन कवी गटेचं पुस्तक. साल १९१७, पुढच्याच वर्षी हे चित्र व्हिएन्नाच्या प्रदर्शनात लागलं. (मराठवाड्यातल्या मंडळींसाठी: याच चित्रकाराची, शेहसुवारपासून नव्हे तर वेगळ्या बायकोपासून झालेली मुलगी दुर्रूशेहवार १९३१ साली निजामाची थोरली सून झाली.)

रेललेली बाई हा युरोपच्या चित्रकारांचा ठरलेला साचा. फ्रेंच चित्रकार अँग्रची १८१४ची ओडालिस्क (हरममधली दासी) आठवा, उघडी पाठ आणि हातात मोरपिसांचा पंखा. त्या गृहस्थाने पूर्वेकडे कधी पाऊलही टाकलं नव्हतं. अब्दुलमजीदचं तर घरच ते. त्याने रेलणं तसंच ठेवलं, पण बायकोला युरोपी धाटणीचा पोशाख घातला, पंख्याच्या जागी पुस्तक दिलं, आणि चित्र थेट व्हिएन्नाला धाडलं. मला यात खोडसाळपणा दिसतो, आणि तो आवडतो.

म्हणूनच पुस्तकाचा हात मी सगळ्यात जास्त वेळ घोटला. तो ढिला पडला की उरते नुसती पहुडलेली बाई. मनगटाचा कोन छापील चित्रावरून उमगेना, तेव्हा बायकोला दिवाणावर रेलायला लावून हातात जाडजूड दिवाळी अंक दिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अहो, असं कुणी वाचतं का? कोपराला रग लागली.” बरोबर आहे तिचं. ही वाचायची बैठक नव्हेच, दाखवायची आहे. पण त्या अवघडलेल्या कोपरामुळेच मला मनगटाखालची सावली कळली: अंगठ्याच्या बुडाशी गडद, करंगळीकडे विरत जाणारी. बारीक फ्लॅट ब्रशने ती ओढली आणि हाताला वजन आलं.

हा थर बर्न्ट अंबर आणि टर्पेंटाइनचा, तेल जवळजवळ नाहीच. पावसाळी हवेत बाकीचे रंग चिकट राहतात, अंबर मात्र त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो. उजेडाच्या जागी पांढरा लावला नाही, ओला रंग फडक्याने पुसून कॅनव्हासच उघडा केला. पोशाखाच्या चुण्या अशा पुसूनच फार छान निघतात. ब्रशने रंगवायला गेलं की त्या पत्र्यासारख्या दिसतात.

रंगांचं कोडं अजून बाकी आहे. माझ्याकडच्या दोन छापील प्रतींपैकी एक पिवळट आहे, दुसरी हिरवट. मी पिवळटच्या बाजूने झुकलोय, कारण तिच्यात कातडीचे रंग जिवंत वाटतात. कुणी अंकाराला जाऊन मूळ चित्र पाहिलं असेल तर पोशाखाच्या सावल्या ऊबदार आहेत की थंड, एवढं जरूर सांगा. तोवर मागची भिंत लावायला घेतो. आता जवसाचं तेल थोडं वाढवीन, चेहरा शेवटी.